चौथं विमान

नागपूर, ९ डिसेंबर २०२४

लक्ष्मीकांत काका,

सलाम. फोनवर तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मग तुम्ही सगळ्यालाच "हाव, हाव" म्हणता, म्हणून पत्र.

एअर शो काल झाला. मी धावपट्टीच्या कडेला, छायाचित्रकारांसाठी आखलेल्या पट्ट्यात होते. आजूबाजूला हातभर लांबीच्या लेन्स घेतलेली माणसं. एकानं विचारलं, "ताई, कुणाबरोबर आलात?" मी गळ्यातला पास दाखवला. त्यानं नाव वाचलं आणि पुढचं काही विचारलं नाही.

माझी लेन्स त्यांच्यात सगळ्यात जुनी. गिऱ्हाइकानं दुरुस्तीचा खर्च ऐकून आमच्या वर्कशॉपमध्येच सोडून दिलेली. मी ती उघडून परत बसवली आहे, त्यामुळे ती कुठे खोटं बोलते ते मला माहीत आहे. सकाळी धुकं, मग ऊन चढल्यावर धावपट्टीवरून उठणारी गरम हवा. दूरची विमानं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. हेलिकॉप्टरांना मुद्दाम शटर हळू ठेवलं. पंखे गोठले की हेलिकॉप्टर दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. जेट विमानांना तुमची जुनी पद्धत वापरली, वरातीतल्या घोड्याबरोबर कंबर फिरवायची ती. घोडा बराच हळू होता.

आता महत्त्वाचं. ह्या वेळचा पास तात्पुरता होता. आमचं काम पाहून आयोजक कायमच्या छायाचित्रकारांची निवड करणार आहेत. निवड झाली तर प्रत्येक शोला आत जाता येईल आणि मला वर्कशॉपचं टेबल सोडता येईल. मला ती निवड हवी आहे. हे अम्मीलाही सांगितलेलं नाही. नियम कडक आहेत. फोटोत काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. तुमचा अर्धा धंदा तिथे बंद पडला असता.

शेवटी चार विमानांचा ताफा गेला, तो डोणगावच्या प्राचीसाठी. वैमानिक होती, गेल्या वर्षी सरावातल्या अपघातात गेली. तिची आई कोकिळाबाई पहिल्या रांगेत होत्या. विमानं डोक्यावर आली तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांवर घेतला. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मले वर पाहवलं नाई. तुह्या फोटोत दिसन ना?" मी हो म्हटलं.

त्यांच्या गावच्या शाळेत प्राचीच्या नावानं कार्यक्रम आहे. फोटो तेव्हा द्यायचा आहे. एवढी मोठी प्रिंट तुमच्याइतकी चांगली इथे कोणी काढत नाही. पेनड्राइव्ह सोबत आहे. फोटो काय आहे ते पाहिल्यावर कळेल, मी सांगत बसत नाही. रंगांना हात लावू नका.

महेजबीन


खामगाव, २१ डिसेंबर २०२४

चि. महेजबीन बेटाले अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. दुकानात आलेल्या चार लोकाईले वाचून दाखवलं. म्हनलं, पाहा, माह्या स्टुडिओत फ्लॅश धरून उभी राहे, ते पोरगी आता विमानाचे फोटो काढून राह्यली. अन् काऊन वं, घोडा हळू होता म्हणते? नवरदेव पडला होता त्या दिवशी, आठोते का?

आता काम आयक. फाइल उघडली अन् जीव चरकला. तू लिहिलं चार विमानं, अन् फोटोत तीनच! एका बाजूची जागा मोकळी. म्हनलं, पोरीचं बटन जरासं उशिरा दबलं, विमान निसटलं, अन् आता शरमेनं सांगून नाई राह्यली. असू दे. माह्याकडून किती नवऱ्या निसटल्या. म्या अजिबात बोंब केली नाई. दुसऱ्या बाजूचं विमान उचललं, मोकळ्या जागेत बसवलं, कडा घासल्या, धूर जोडला. दोन रात्री बसलो. रंगाले हात लावला नाई, तुही शप्पथ. नियम तुह्या फाइलीले, भिंतीवरच्या फोटोले काय त्याचं?

आपल्या दुकानाची रीतच आहे ना थे. फोटोत कोणी कमी असन तर घराले बरं वाटत नाई. तुह्या बहिनीच्या, मुबीनाच्या निकाहच्या फोटोत तुह्या अब्बाले, मोईजले बसवला, तवा तुह्या अम्मीनं किती दुवा दिली होती.

डोणगावले मी सोता घेऊन गेलो. एसटीत मांडीवर धरून. कार्यक्रम झोकात झाला. फौजेचे साहेब आले होते, प्राचीच्या तुकडीतले. फोटोवरचा कपडा काढला अन् सारी शाळा उभी राहून टाळ्या. कोकिळाबाईनं चारही विमानाईले हळदीकुंकू लावलं, काचेवरूनच. खाली पितळेची पट्टी लावली, "छाया : महेजबीन मोईज, खामगाव". पेपरातबी आला. कात्रण जोडलं हाय.

एक साहेब मात्र लय वेळ फोटोपाशी उभा होता. म्हनलं, आवडला वाटते.

आता तुही निवड पक्की समज.

तुहा काका
लक्ष्मीकांत


नागपूर, २ जानेवारी २०२५

काका,

कात्रण मिळालं. त्याआधी आयोजकांची मेल मिळाली होती.

ताफा असा गेला. चार विमानं एकत्र आली. मैदानासमोर आल्यावर तिसरं विमान एकदम वर चढलं आणि एकटंच सरळ आकाशात निघून गेलं. बाकीच्या तिघांनी त्याची जागा मोकळी ठेवली, तसेच पुढे गेले. गेलेल्या वैमानिकासाठी असंच उडतात. बटण उशिरा दाबलं गेलं नव्हतं. ती मोकळी जागा त्यांनी उडवून दाखवली होती आणि मी तिचाच फोटो काढला होता.

तुमच्या फोटोत दोन विमानांच्या शेपटीवर एकच क्रमांक आहे. धूरही दोघांचा एकाच जागी वळतो. फोटोपाशी उभे राहिलेले साहेब त्या दिवशी वर चढून गेलेलं विमान चालवत होते. प्राचीसाठी त्यांनी जी जागा सोडली, तिथे तुम्ही दुसऱ्याचं विमान बसवलं होतं. कोकिळाबाईंसमोर ते काही बोलले नाहीत. परत गेल्यावर आयोजकांना लिहिलं.

सोमवारी मला बोलावलं होतं. पहिला प्रश्न फोटोचा होता. मूळ फाइल दाखवली. ते म्हणाले, मूळ फाइल तुमच्याकडे असणारच, बदल कोणी केला ते सांगा. मी स्टुडिओचं नाव सांगितलं. त्यानंतरचे प्रश्न फोटोचे नव्हते. वडील काय करतात? कुठे असतात? संपर्क आहे का? बाहेर देशात कोणी? वडिलांबद्दल मी "माहीत नाही" म्हणाले. ते खरं आहे. मी सतरा वर्षांची असताना ते घर सोडून गेले, मुबीनाच्या निकाहलाही आले नाहीत. पण "माहीत नाही" हे कागदावर फार वाईट दिसतं. माझ्यासमोर त्यांनी ते लिहून घेतलं.

मला तुमच्याकडून लेखी हवं आहे. फोटोत बदल तुम्ही केला, मला न विचारता केला, आणि मला तो नंतर कळला. खाली तुमची सही आणि स्टुडिओचा शिक्का. एवढं मिळालं तर निवडीचा विचार होईल. नाही मिळालं तर माझं नाव बाद आणि पुढे कुठल्याही शोला पास नाही. जानेवारी संपायच्या आत.

मूळ फाइलची प्रिंट इथूनच काढून पाठवली आहे. तुमच्याइतकी चांगली नाही. ती डोणगावला द्या आणि पहिली परत आणा. निदान माझ्या नावाची पट्टी काढा.

हे मी आधीच लिहायला हवं होतं, हे मला कळतं. पाहिल्यावर कळेल असं वाटलं होतं.

महेजबीन


खामगाव, १३ जानेवारी २०२५

महेजबीन बेटा,

तुहं पत्र वाचून जेवण गेलं नाई. मले काय मालूम, मोकळी जागाबी उडवतात म्हणून?

डोणगावले गेलतो. नवा फोटो कोकिळाबाईपुढं ठेवला. सारं सांगतलं, जसं तू लिहिलं तसं. बाईनं नीट आयकलं. मंग मले म्हणे, "भाऊ, यातलं एक कुठी गेलं?"

म्हनलं, थेच तर सांगून राह्यलो बाई. थे प्राचीची जागा हाय, म्हणून मोकळी.

बाई म्हणे, "मोकळी जागा मले काऊन पाठवता? माह्या घरात कमी हाय का? तिची खाट हाय, तिची सायकल हाय. जिकडं पाहा तिकडं मोकळीच जागा हाय. हा चाराचा राहू द्या. सकाळी उठली की मोजते मी. चार भरतात."

चहा पेलो अन् तुहा फोटो तसाच वापस आणला. दुकानात मागच्या खोलीत हाय, कागद गुंडाळून. पट्टी काढाले स्क्रू ढिले करा लागतात, बाईसमोर कसं करू? मंग पाहू.

आता थे लिहून देण्याचं. बेटा, मी नाई म्हणत नाई. पण धवल म्हणते, बाबा, फौजेच्या कागदावर सही करू नका, उद्या स्टुडिओवर येतीन. परीक्षेच्या ओळखपत्राचे फोटो सारे आपल्याकडं हायेत. या स्टुडिओत फोटो बदलतात, असं एकदा छापून आलं तर कोण येईन? तूच सांग. चाळीस वर्साचं दुकान हाय.

माह्या मतानं तू जाऊन माफी माग. मोठ्या मनाचे असतात थे लोक. पोरगी म्हणून सोडून देतीन. अन् नाईच झालं तर वर्कशॉप हायेच ना? विमानं काई पळून जात नाईत.

संक्रांतीचे तिळगूळ पाठवले. अम्मीलेबी देऊन आलो.

तुहा काका


नागपूर, १९ जानेवारी २०२५

काका,

तिळगूळ मिळाले.

माफी मी कशाची मागू? केलेल्या कामाची माफी असते. मी मागितली तर ते काम माझं ठरतं.

"पोरगी म्हणून सोडून देतीन" हे तुम्ही मनापासून लिहिलं, हे मला माहीत आहे. तुम्ही तिथे बसला असता तर त्यांनी चूक झाली असं लिहिलं असतं. खामगावचे लक्ष्मीकांत, वय अमुक, जुना स्टुडिओ, गैरसमजातून. चहा मागवला असता. मला "कोणाच्या सांगण्यावरून" असं विचारलं, आणि पाणीसुद्धा मी माझ्या बाटलीतलं प्यायले. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. दोन कॅमेऱ्यांना एकाच उजेडात वेगळं दिसतं, तेवढंच सांगते.

विमानं पळून जात नाहीत. पण कुंपणाबाहेरून फक्त त्यांची पोटं दिसतात.

तुम्ही मुबीनाच्या फोटोचं लिहिलं होतं. त्या फोटोत उजेड आमच्या डाव्या बाजूनं येतो. अब्बांच्या चेहऱ्यावर उजवीकडून, कारण तो चेहरा तुम्ही दुसऱ्याच कुठल्या फोटोतून घेतला. मला पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षी ते दिसलं. तेव्हापासून मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवते. पाहुणे येतात, म्हणतात, वा, मोईजभाई आले होते वाटतं. अम्मी हो म्हणते. ती रोज त्याची धूळ पुसते. तुम्हाला दुवा मिळाली. घरात मात्र त्यानंतर कोणी अब्बांबद्दल खरं बोललं नाही, कारण फोटोत ते आलेले होते.

मी आजवर ह्यावर काही बोलले नाही. आता बोलते आहे, कारण मला एक ओळ हवी आहे. धवलला दाखवू नका. "बदल मी केला." एवढंच लिहा. बाकी मी भरते.

महेजबीन


खामगाव, २७ जानेवारी २०२५

महेजबीन बेटा,

तू लय कडू लिहिलं. पण माहं लेकरू समजून मी मनाले लावून घेतलं नाई.

लय विचार केला अन् तोड काढली. कागद सोबत हाय. सही माही, शिक्का दुकानाचा, दोन साक्षीदार. वकिलाले दाखवून केला. पाहा कसा झाला :

"सदर छायाचित्रातील बदल माझे जुने भागीदार मोईज यांनी त्यांच्या मर्जीने केला. महेजबीन यांना व मला त्याची कल्पना नव्हती. मोईज सध्या कोठे आहेत हे माहीत नाही."

कोणाचंच नुकसान नाई. तू सुटली, दुकान वाचलं. मोईज तसाबी कुठी येऊन राह्यला? त्याले कोण धुंडते? जिंदगीभर तुमच्या काई कामी आला नाई, आता एकडाव तरी येऊ दे.

तारखीच्या आत धाडतो म्हणून स्पीड पोस्ट केलं. निवड झाली की पेढे मी वाटतो.

तुहा काका


नागपूर, ६ फेब्रुवारी २०२५

काका,

कागद वेळेत मिळाला. मी तो दिला नाही.

मी तिथे वडिलांबद्दल "माहीत नाही" म्हटलं होतं. ते लिहून घेतलं होतं, हे तुम्हाला कळवलं होतं. तुमच्या कागदावर तोच माणूस डिसेंबरात खामगावात बसून माझ्या फाइलवर काम करतो आणि परत नाहीसा होतो. त्यावर तुमची सही आहे, शिक्का आहे, दोन साक्षीदार आहेत. हा कागद मी दिला असता तर पुढचं बोलावणं आयोजकांकडून आलं नसतं. पोलीस अम्मीच्या दारात आले असते आणि त्यांना आत भिंतीवर अब्बांचा फोटो दिसला असता. मुलीच्या निकाहला हजर.

मी मूळ फाइल आणि माझं स्वतःचं निवेदन दिलं. पुरावा नाही असं त्यांनी लिहिलं. ३१ तारखेला माझं नाव बाद झालं. गळ्यातला पास परत घेतला, पावती दिली. मी परत वर्कशॉपच्या टेबलावर आहे. काल एका लग्नवाल्याची लेन्स आली, आत बुरशी. साफ केली.

मागच्या रविवारी खामगावला आले होते. तुमच्या दुकानासमोरून गेले, आत आले नाही. अम्मीला सगळं सांगितलं, मुबीनाच्या फोटोसकट. ती म्हणाली, "मुझे क्या नहीं मालूम? मैंने ही तो बोला था उनको." मग तिनं मला वाढलं. मी फोटो उतरवायचं ठरवून गेले होते, उतरवला नाही. ह्या वेळी भिंतीकडे तोंड करून जेवले.

तुम्ही वाईट माणूस नाही, हे मी सहा वर्षं तुमच्या दुकानात काम करून पाहिलं आहे. ओळखपत्राला फोटो काढायला आलेल्यांची कॉलर तुम्ही स्वतः नीट करायचात. पण तुम्हाला मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतो, आणि दर वेळी तिथे तुम्ही सोडून दुसरा कोणीतरी बसतो.

कागद परत पाठवते आहे. मोईज ह्या नावावर मी काट मारली आहे. तिथे कोणाचं नाव यायला हवं ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. ते लिहून पाठवलंत तर आता निवडीसाठी उपयोग नाही, पण मी ठेवून घेईन. लिहायचं नसेल तर जागा तशीच राहू द्या. ह्या वेळी भरू नका.

डोणगावची माझ्या नावाची पट्टी काढा. ही शेवटची विनंती.

महेजबीन


खामगाव, २५ फेब्रुवारी २०२५

चि. महेजबीनले आशीर्वाद.

कागद भेटला. ड्रॉवरात ठेवला हाय. लिहीन म्हणतो, पण परीक्षेच्या फोटोची गर्दी हाय आजकाल. सावकाश पाहू.

तू सांगतलं तसं डोणगावले जाऊन पट्टी काढली. बाई वावरात गेली होती, तिची भाची होती घरी. आता तुहं नाव कुठीच नाई, काळजी करू नको. फोटो जागच्या जागी हाय. गावात कोणाकडं पाहुणा आला की पाहाले घेऊन येतात. मेहकरचा एक जण थोच फोटो पाहून दुकानात आला, त्याचा वारलेला भाऊ घरच्या फोटोत बसवाचा हाय म्हणे.

पट्टी काढली तर फ्रेमवर तेवढाच फिक्कट चौकोन उघडा पडला, स्क्रूचे दोन भोकं. लय भकास दिसे. म्हणून तिथं आपल्या स्टुडिओच्या नावाची पट्टी ठोकून आलो. आता पाहणाऱ्याले कुठी काई कमी वाटत नाई.

तुहा काका
लक्ष्मीकांत